अनुभव धागा: गावातल्या घराच्या रजिस्ट्रीत पैसे कुठं जातात?

दुय्यम निबंधक कार्यालय, ग्रामपंचायत किंवा घरकर्ज यांच्याशी रोजचं काम पडणाऱ्यांनी लिहावं. कर जास्त की कमी हा वाद पुरे झाला. कर चुकीचा कुठं बसतो ते सांगा. कहाणी नको, कागद आणि आकडे हवेत.

दस्तलेखक, वर्धा जिल्हा

मुद्रांक शुल्काच्या टक्क्यावर भांडून उपयोग नाही, मूल्यांकनावर भांडा. सौद्याची रक्कम आणि सरकारी मूल्यांकन यांत जे जास्त, त्यावर मुद्रांक शुल्क लागतं. सौदा 6 लाखांचा आणि मूल्यांकन 8 लाख निघालं, तर शुल्क 8 लाखांवर. सोबत जिल्हा परिषदेचा 1 टक्का आणि नोंदणी फी 1 टक्का.

चलान भरायच्या आधी मूल्यांकन पत्रक हातात घ्या. गावठाण की गट नंबर, महामार्गालगत की आत, बांधकाम कशाचं, वय किती, हे चार रकाने बोट ठेवून वाचा. मातीच्या भिंतीचं कवेलूचं घर "आरसीसी" म्हणून चढलं आणि वयाचा रकाना कोरा राहिला, की घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, गेला. तीस वर्षांचं घर कागदावर कोरं करकरीत. वयाचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा जुन्यात जुना नमुना 8 चा उतारा किंवा विजेचं पहिलं बिल लावा. मागच्या प्लॉटलाही गट तोच, म्हणून महामार्गालगतचा दर लागला असेल, तर मंजूर नकाशा दाखवा.

निवृत्त ग्रामसेवक, यवतमाळ

नमुना 8 म्हणजे मालकी नव्हे. ती कर आकारणीची नोंद आहे, एवढंच. मालकीसाठी आखीव पत्रिका (तीच मिळकत पत्रिका, प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा बघा. स्वामित्व योजनेत ड्रोनमोजणी झालेल्या गावठाणात आता मिळकत पत्रिका निघते. तिच्यातलं क्षेत्र आणि नमुना 8 मधलं क्षेत्र बऱ्याचदा जुळत नाही. ते विक्रीआधी जुळवून घ्या, नंतर आवाराच्या दोन फुटांवरून भाऊबंदकी होते.

घरटॅक्सची थकबाकी घराला चिकटते, विकणाऱ्याला नाही. म्हणून चालू वर्षापर्यंतची नमुना 10 ची, म्हणजे कर भरल्याची, पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला इसार चिठ्ठीच्या वेळीच मागा. रजिस्ट्री झाली की सूची क्रमांक 2 ची (रजिस्ट्रीच्या गोषवाऱ्याची, इंडेक्स टू) प्रत लावून नावफेराचा अर्ज द्या. मासिक सभेत ठराव झाल्याशिवाय नाव चढत नाही. अर्जाची पोच घेतली नाही तर पुढच्या वर्षीची मागणी जुन्या मालकाच्याच नावानं निघते.

घरकर्जाचं काम पाहणारा, बुलढाणा

रास्त-अरास्त म्हणाल तर नोंदणी फी बघा. 1 टक्का, पण कमाल 30 हजार. 8 लाखांच्या घराला पुरा 1 टक्का म्हणजे 8 हजार. 3 कोटींच्या बंगल्याला 30 हजार, म्हणजे 0.1 टक्का. खेड्यातल्या माणसाला या मर्यादेचा फायदा कधीच होत नाही, कारण त्याचं घर 30 लाखांवर जातच नाही.

मूल्यांकन ज्यावरून निघतं तो सरकारी दर तक्ता बदलला तर साधारणपणे 1 एप्रिलला बदलतो. 2025 मध्ये ग्रामीण भागाची सरासरी वाढ 3.36 टक्के होती. सरासरी म्हणजे आपलं गाव नव्हे, दर गावानुसार ई-एएसआरवर (नोंदणी विभागाचा ऑनलाइन दर तक्ता) बघूनच इसार करा. मूल्यांकन सौद्यापेक्षा 10 टक्क्यांहून आणि 50 हजारांहूनही जास्त निघालं, तर फरक घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. वरच्या 6 आणि 8 लाखांच्या उदाहरणात दस्तलेखकांनी हे सांगितलं नाही: 2 लाखांचा फरक आयकरात येतो.

घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे, राहत्या घरालाच. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली.

दस्तलेखक, वर्धा जिल्हा

बरोबर, ते राहून गेलं. आणखी एक. पत्रकातली चूक दुरुस्त होत नसेल, तर सही करायच्या आधी मुद्रांक अधिनियमाच्या कलम 31 खाली सह जिल्हा निबंधकांकडे अभिनिर्णयाचा, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घेण्याचा, अर्ज टाका. त्याला वेळ लागतो, म्हणून इसार चिठ्ठीत मुदत महिन्याची नको, चार-सहा महिन्यांची लिहा. नाहीतर विकणारा मुदत संपली म्हणून मोकळा होतो आणि इसार अडकतो. चलान आधीच भरलं असेल आणि सौदा फिसकटला, तर परताव्याचा अर्ज 6 महिन्यांच्या आत करायचा. सही झाली असेल तर मात्र दस्त नोंदणीला नेण्याची मुदत 4 महिने. शुल्क कमी निघालं तर कमी पडलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के दंड चढतो, चौपटीपर्यंत.

निवृत्त ग्रामसेवक, यवतमाळ

रोखीचं कोणी लिहिलं नाही. इसारसुद्धा 20 हजार किंवा जास्त असेल तर चेकनं किंवा खात्यातूनच द्या, आणि चेकचा नंबर इसार चिठ्ठीत घाला.