फाटकी जाळी आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ची पाटी

सचिव: नमस्कार. रविवारच्या सामन्यात यष्टीमागच्या जाळीतून निसटलेला चेंडू ए-१०४ मधील आजींना लागला, त्यांचा चष्मा फुटला आणि भुवईवर तीन टाके घालावे लागले. उपचारांचा खर्च सोसायटीने द्यावा की नाही, याबाबत समितीत एकमत नाही. मैदानाच्या फाटकावर ‘सामना स्वतःच्या जबाबदारीवर पाहावा’ अशी पाटी आहे, हेही काही सदस्यांनी निदर्शनास आणले आहे. कृपया आपले मत येथे मांडावे.

बी-५०१: आजींना लवकर बरे वाटो, परंतु मैदानाशेजारी बसणाऱ्याकडे कधीतरी चेंडू येणारच. उद्या आपण फलंदाजाकडूनही भरपाई मागणार का?

सी-३०२: फलंदाजाचा प्रश्न आधी निकाली काढतो. इंग्लंडमध्ये घोड्यांच्या एका स्पर्धेत रिंगणाच्या कडेला असलेल्या छायाचित्रकाराला घोड्याने धडक देऊन पाडले होते. त्या प्रकरणात १९६२ मध्ये अपील न्यायालयाने स्वाराला जबाबदार धरले नाही, कारण खेळाच्या भरात झालेली चूक वेगळी आणि प्रेक्षकांच्या सुरक्षिततेविषयीची बेपर्वाई वेगळी. आपल्या फलंदाजाने तर नियमांत राहून फटका मारला. त्याला यातून बाजूला ठेवू.

आयोजकांचे तसे नाही. वकिलीत असल्यामुळे दोन जुने निकाल मला नेहमी आठवतात. दोन्ही अमेरिकेतील मिसुरी राज्यातले आणि एकाच बेसबॉल क्लबाविरुद्धचे आहेत. पहिल्यात, १९१३ मध्ये, जाळीमागची जागा उपलब्ध असूनही उघड्यावर बसलेल्या प्रेक्षकाला चेंडू लागला आणि तो दावा हरला, कारण तो धोका त्याने समजून-उमजून पत्करला होता. दुसरा निकाल पुढच्याच वर्षीचा आहे. त्यातला प्रेक्षक जाळीमागे बसला होता, चेंडू जाळीच्या भोकातून आला, आणि तो दावा जिंकला. क्लब तोच, खेळ तोच, चेंडूही तसाच. परंतु जाळीच्या भरवशावर बसलेल्या माणसाने जाळीतल्या भोकाचा धोका पत्करलेला नसतो. आजींना जाळीमागच्या बाकावर कोणी बसवले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आजी आधी सीमारेषेजवळ उभ्या होत्या. ‘इथे जाळी आहे, इथे बसा’ असे म्हणून आयोजकांनीच त्यांना तिकडे नेले.

बी-५०१: मग पाटीला काहीच अर्थ नाही का?

सी-३०२: अर्थ आहे, पण थोडाच. खेळात अंगभूत असलेल्या धोक्याची सूचना म्हणून ती उपयोगी पडते; आयोजकांच्या स्वतःच्या निष्काळजीपणावर मात्र तिने पांघरूण घालता येत नाही. इंग्लंडने तर १९७७ च्या कायद्यानेच व्यवसाय चालवणाऱ्यांना सांगून टाकले की, निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी कोणत्याही पाटीने किंवा कराराने झटकता येणार नाही. आपली सोसायटी व्यवसाय करत नाही आणि तो कायदा आपल्याला लागूही नाही, परंतु त्यामागचा विचार कोणत्याही न्यायाधीशाला पटेल असा आहे. (ती पाटी सध्या सायकलींच्या मागे झाकली गेली आहे, तेव्हा सूचना म्हणूनही ती कितपत टिकेल, याविषयी मला शंका आहे.)

डी-२०३: तरीही प्रत्येक अपघाताला कोणीतरी जबाबदार असलेच पाहिजे, हे मला पटत नाही.

सी-३०२: न्यायालयांनाही ते मान्य नाही. इंग्लंडमध्ये मैदानाबाहेरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या एका महिलेला क्रिकेटचा चेंडू लागला होता. जवळपास तीस वर्षांत चेंडू रस्त्यावर जेमतेम सहा वेळा गेल्याचा पुरावा होता, म्हणून १९५१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तेथील सर्वोच्च न्यायालय) क्लबाला निर्दोष ठरवले. १९७७ च्या दुसऱ्या एका खटल्यात शेजारच्या घरांवर प्रत्येक हंगामात वारंवार चेंडू जात होते, आणि तिथे क्लब निष्काळजी ठरला. धोका किती संभवनीय होता आणि तो आयोजकांना दिसायला हवा होता का, यावर बरेच काही अवलंबून असते. आपल्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर याच ग्रुपवर आहे. १२ तारखेचा संदेश पाहावा.

ए-१०४: तो फोटो मीच टाकला होता. मधल्या खांबाजवळ जाळीला हाताचा पंजा सहज जाईल एवढे भोक पडले होते, आणि त्याखाली समितीकडून ‘पाहतो’ एवढेच उत्तर आले होते. सासूबाईंना कोणाशी भांडण नको आहे. चष्म्याचे आणि टाक्यांचे बिल मी सचिवांकडे दिले आहे.

डी-२०३: तो फोटो ग्रुपवरून काढून टाकणे सोयीचे होणार नाही का?

सी-३०२: कृपया तसे करू नये. फोटो अनेकांच्या फोनमध्ये उतरलेला आहे, आणि तो काढल्याने समितीला भोक माहीत होते ही वस्तुस्थिती पुसली जाणार नाही. उलट ती लपवण्याचा प्रयत्न झाला, एवढी भर मात्र पडेल.

सचिव: फोटो राहील. दोन्ही बिलांची रक्कम समिती देईल. जाळी पूर्ण बदलून होईपर्यंत सामने बंद राहतील आणि तो बाक आजच तेथून हलवण्यात येईल.