मदत हवी आहे: अंदमानला जाताना बॅगेत काय भरू? (सोबत इन्सुलिन घेणाऱ्या सासूबाई आणि दोन मुलं)

भुईकोट:

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही घरचे पाचजण अंदमानला निघतोय. मी, नवरा, सासूबाई, मुलगी (वय ११) आणि मुलगा (वय ६). पुण्याहून चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), तिथून बोटीने हॅवलॉक बेट, मग नील बेट, आणि परत पोर्ट ब्लेअर. विमान, बोटी, हॉटेलं सगळं ठरलंय. घोडं अडलंय ते सामानापाशी.

आम्ही सोलापूरचे, त्यामुळे उन्हाचं कौतुक नाही. पण आमचं ऊन कोरडं. सकाळी दोरीवर टाकलेली चादर दुपारी घडी घालून कपाटात जाते. समुद्राकाठच्या दमट हवेत मुक्काम करायची सवय आमच्यापैकी कुणालाच नाही. इंटरनेटवर ज्या याद्या मिळतात त्या तरुण जोडप्यांच्या: टोपी, गॉगल, सनस्क्रीन, दोन चांगले ड्रेस, संपलं. माझ्या घरची माणसं त्या यादीत बसत नाहीत.

खरं तर अंदमान ठरवलं ते आईंनीच. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची, हे त्या गेली कित्येक वर्षं बोलून दाखवतायत. वय ६९. दोन वेळा मिक्स इन्सुलिनचं पेन घेतात, कानाला यंत्र आहे, गुडघे दुखतात पण चालतात. साडीच नेसतात, ड्रेस घालत नाहीत. त्यांना किनाऱ्यावर खुर्ची टाकून पिशव्या सांभाळायला बसवायचं आणि आम्ही पाण्यात खेळायचं, असं मला अजिबात नको आहे. त्यांनीही समुद्रात उतरावं, प्रवाळ बघावेत असं मनापासून वाटतं.

तर माझे प्रश्न असे. इन्सुलिन दिवसभर बाहेर कसं सांभाळायचं? मी पाण्यात भिजवायचं ते गार राहणारं पाकीट ऑनलाइन बघून ठेवलंय, ते चालेल ना? कानाच्या यंत्राचं काय करायचं? मुलीला उणे तीनचा चष्मा आहे आणि तिला मासे बघायचेत, तर काय न्यावं? कपडे सुती न्यायचे हे बरोबर आहे ना? पायात काय घालायचं? खाण्यापिण्याचं सोबत किती न्यावं? विमानात माणशी १५ किलोची बॅग आणि ७ किलो हातातलं, एवढंच चालतं, त्यामुळे सगळंच कोंबता येणार नाही.

खाडीकाठ:

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे बघा, ती दोरीवरची चादर. तिकडे वाळत काही नाही. आम्ही रत्नागिरीकडचे, हे रोजचं आहे, पण देशावरून येणाऱ्या पाहुण्यांची बॅग कायम उन्हासाठी भरलेली असते, ओलीसाठी नाही. तुम्ही प्रत्येक वस्तू हातात घेऊन एवढंच विचारा: ही भिजली तर उद्या सकाळपर्यंत वाळेल का? नाही वाळणार, तर ती घरी.

म्हणून सुती कपड्यांबद्दल सांगते. फिरताना, जेवताना, झोपताना सुती उत्तम. पाण्यात मात्र नको. भिजलेलं सुती जड होतं, अंगाला चिकटतं, खारट राहतं आणि मांड्या-काखा सोलवटतात. मुलांना पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याखालपर्यंतचे पोहण्याचे सूट घ्या, प्रत्येकी दोन, म्हणजे एक ओला असताना दुसरा तयार. त्याने सनस्क्रीनही कमी लागतं. पालथं पडून मासे बघताना पाठ आणि पोटऱ्या भाजतात आणि ते रात्रीपर्यंत कळत नाही. अंदमान विषुववृत्तापासून साधारण १२ अंशांवर आहे, जानेवारीतही दुपारचं ऊन बोचतं.

आणि सोलापूरकरांना हे सांगताना जीव होत नाही, पण तुमचे ते जाडजूड टॉवेल घरीच ठेवा. पातळ पंचे न्या, माणशी दोन. पिळून खुर्चीवर टाकला की पंचा सकाळी वापरता येतो. दोरी आणि डझनभर चिमटे टाका, हॉटेलच्या खोलीत ते कधीच पुरत नाहीत. ओल्या कपड्यांसाठी वेगळी जाड पिशवी हवीच, नाहीतर नीलहून परत येताना अख्ख्या बॅगेला कुबट वास.

औषधपेटी:

मी डॉक्टर आहे, पण आईंच्या डॉक्टरांना विचारूनच सगळं करा, हे आधी.

ते भिजवायचं पाकीट बाष्पीभवनावर चालतं. माठ गार करतो तसंच. सोलापुरात ते छान काम करेल. अंदमानच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, त्यामुळे त्याचा परिणाम खूप कमी होतो. त्यावर विसंबू नका. रुंद तोंडाचा छोटा स्टीलचा थर्मास घ्या, तळाशी बर्फाची किंवा जेलची थैली, त्यावर दुमडलेला पंचा, मग पेन. पेन बर्फाला थेट टेकता कामा नये, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं, ते परत वितळवून वापरायचं नसतं. याच कारणासाठी ते विमानात चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्येही मागच्या भिंतीला किंवा बर्फाच्या कप्प्याला लागून नको, दाराच्या कप्प्यात ठेवा.

घाबरू मात्र नका. वापरात असलेलं पेन साधारण ३० अंशांच्या आत चार आठवडे चालतं (तुमच्या पेनच्या खोक्यावर नेमकं बघून घ्या), आणि सावलीतली खोली बहुतेक तेवढीच असते. धोका आहे तो वाळूवर उन्हात पडलेल्या पर्सचा आणि बंद गाडीचा. मिक्स इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं, हलक्या हाताने घोळवल्यावर एकसारखं दिसायला हवं. गुठळ्या किंवा कण दिसले तर नवीन पेन काढा. म्हणून पेन दुप्पट न्या आणि दोघांच्या हातातल्या बॅगांत वाटून ठेवा.

साखर तपासायच्या पट्ट्यांकडे लोकांचं लक्ष जात नाही. त्यांना ओल बाधते. ज्या डबीत येतात त्याच डबीत ठेवा, पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट. ओल्या हाताने काढू नका. चार पट्ट्या सुट्या कागदात बांधून पर्समध्ये टाकणं तिथे चालणार नाही, आकडा चुकीचा येऊ शकतो.

सगळ्यात महत्त्वाचं, पाय. मधुमेहात तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते. तापलेली वाळू, प्रवाळाची धार, काही कळत नाही, आणि खाऱ्या पाण्यातली जखम चिघळते. आईंनी कुठेही, अगदी मऊ वाळूवरही, अनवाणी चालायचं नाही. बोटं झाकलेले, जाड रबरी तळाचे पाण्यातले बूट घ्या आणि आठवडाभर आधी घरात वापरून बघा, लागत असतील तर बदलायला वेळ मिळेल. रोज संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवा नीट बघायचा. तो दिसत नसेल तर तुम्ही बघा. जखमेचं मलम, गॉज, चिकटपट्टी असू द्या. हॅवलॉकला सरकारी आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच.

वाळूत चालणं आणि पाण्यात खेळणं याने साखर एकदम उतरू शकते. ग्लुकोजची पुडी किंवा साखरेच्या गोळ्या आईंच्या कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा. तुमच्या बॅगेत नकोत, तुम्ही पाण्यात असाल. बोट लागू नये म्हणून ज्या गोळ्या मिळतात त्यांनी वयस्कर माणसांना गुंगी येते, तोल जातो. त्या मनाने देऊ नका. आलेपाक मुलांना द्या, आईंना आल्याचा साधा तुकडा.

चेन्नईकर:

आमच्या बाबांच्या कानालाही यंत्र आहे, म्हणून तेवढंच लिहितो. यंत्राच्या दुकानात वाळवायची डबी मिळते, आत ओल शोषणारे खडे असतात. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून यंत्र त्यात ठेवायचं. चार्जिंगचं असेल तर कंपनी काय सांगते ते विचारून घ्या. छोट्या बोटीत बसण्याआधी यंत्र काढून घट्ट झाकणाच्या डबीत टाकायचं. पण मग त्यांना ऐकू येणार नाही, आणि खलाशी घाईघाईने सूचना देतात. म्हणून थांबा, बसा, हात धरा अशा खुणा आधीच ठरवून घ्या. आम्ही असंच करतो आणि बाबा निर्धास्त असतात.

मुलीसाठी नंबरचा स्नॉर्कलिंग मास्क मिळतो. साधा पोहण्याचा नंबरचा गॉगल नाक झाकत नाही, नळी लावली की नाकातून पाणी जातं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात उतरवू नका, डोळ्याला संसर्गाची भीती असते. बाकी मास्क, नळी, लाइफ जॅकेट तिथे मिळतं, त्यावर वजन घालवू नका. स्कूबा करायचं असेल तर ते परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी उशिरा ठेवू नका, मध्ये १८ ते २४ तास जाऊ द्यावेत.

निळीशाई:

खाण्याचं मी सांगते. लसणीच्या चटणीत सुकं खोबरं असेल तर ती नको. सुक्या खोबऱ्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमान कंपन्यांच्या मनाई यादीत ते असतं. तुमची शेंगांची चटणी बिनधास्त न्या. कडक भाकरी न्याल तर छोट्या छोट्या हवाबंद पुड्या करा. एक मोठं पाकीट फोडलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या चामट. बोटी सकाळी लवकर सुटतात आणि नाश्त्याची वेळ चुकते, तेव्हा आईंना इन्सुलिननंतर पोटात घालायला हे हाताशी लागेल. जेवणाचा मात्र बाऊ करू नका, वरण-भात, पोळी, मासे सगळं मिळतं.

तिथे जानेवारीत सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो. घड्याळ आपलंच, पण अंदमान बरंच पूर्वेला. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघून परतताना अंधार होतो, दोन छोट्या बॅटऱ्या असू द्या. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि ती खाज आठवडाभर जात नाही. पाय झाकणारी पातळ विजार, डासांचं मलम आणि कॅलामाइन न्या. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा.

मुलांना आधीच सांगा की शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून आणायचे नाहीत. विमानतळावर सामान तपासतात. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, मेलेला तुकडाही आणता येत नाही.

भुईकोट:

सगळ्यांचे मनापासून आभार. ते पाकीट मागवणार होते, ते रद्द केलं. टॉवेल बाहेर काढले, पंचे आत. आजच संध्याकाळी आईंसोबत बुटांच्या दुकानात जातोय.

अजून दोन गोष्टी विचारते. एक म्हणजे साडीचं. आई ड्रेसला तयार नाहीत आणि मला आग्रह करायचा नाही. नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट असते म्हणे, तिच्यात साडी नेसून चढता येईल का? दुसरं, नीलच्याच त्या नैसर्गिक पुलापर्यंत (खडकाची कमान आहे ती) त्यांना नेऊ का?

खाडीकाठ:

चढता येईल. आमच्याकडे बायका साडी नेसूनच होडीत चढतात-उतरतात. सुती इरकल नको, सिंथेटिक पातळ साडी, नेहमीपेक्षा चार बोटं वर नेसलेली, पदर कमरेला खोचलेला. आत परकराऐवजी पोटरीपर्यंतची लेगिंग घालायला त्या तयार असतील तर पाय मोकळे राहतात. भिजलेला परकर पायात अडकतो आणि माणूस पडतो तो त्यानेच. लाइफ जॅकेट पदराच्या वरून. बोटीपर्यंत गुडघाभर पाण्यातून जावं लागेल असं धरून चाला. एक माणूस पुढे, एक मागे, आणि आई गुडघ्याचा पट्टा वापरत असतील तर त्याचा एक जोड जास्तीचा, कारण ओला पट्टा दुसऱ्या दिवशी घालता येत नाही.

पुलाचं मात्र जरा थांबून ठरवा. तिथे ओहोटीलाच जाता येतं आणि वाट खडबडीत, निसरड्या मेलेल्या प्रवाळावरून आहे. वेळ हॉटेलात विचारा. आपला हिशोब तिथेही चालतो, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीही खोल जाते. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाणी फारसं आत जात नाही. मुलांना नवऱ्याबरोबर पाठवा. आईंचे गुडघे आणि तळवे बघता मी त्यांना त्या खडकांवर नेणार नाही.

औषधपेटी:

पुलाबाबत सहमत. गुडघ्यांची ताकद सेल्युलर जेलसाठी राखून ठेवा. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे, जिने चढावे लागतात. ते पहिल्याच दिवशी, विमानाच्या थकव्यात ठेवू नका. घडीची काठी चेक-इन बॅगेत टाका, आणि त्या दिवशी पायात पाण्यातले बूट नकोत, त्यांच्या रोजच्या सवयीच्या चपला असू द्या.

भुईकोट:

जेल परतीच्या मुक्कामावर, सकाळच्या वेळी ठेवतोय. लेगिंगला आई हो म्हणाल्या.