खासगी गाडीवर कंपनीची जाहिरात लावून पैसे घ्यावेत का?

सिंहगडरोडकर: एक एजन्सी दोन्ही दारांवर स्टिकर लावून महिन्याला ठराविक रक्कम देतेय, मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकायचं म्हणजे गाडी कुठं फिरली ते त्यांना दिसतं. मला तर पटलंय. हप्ता मी भरतो, पेट्रोल मी भरतो, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज अडकतोच, मग त्यातून चार पैसे सुटले तर कुणाच्या पोटात का दुखावं? रिक्षांवर, पीएमपीच्या बसवर जाहिराती असतातच ना.

मुळामुठा: सक्त विरोध. रिक्षा, बस या धंद्याच्याच गाड्या, तुमची पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी. शहरात जाहिरात लावायला महापालिकेची परवानगी आणि फी असते, एजन्सीकडे तो कागद आहे का ते आधी विचारा. मे 2024 मध्ये घाटकोपरला होर्डिंग पडून 17 माणसं गेली, तेव्हाही मुद्दा परवानगीचाच होता.

सिंहगडरोडकर: अहो, दारावरचं स्टिकर पडून कुणी मरत नाही! परवानगीचा कागद मागतो, हे मात्र मान्य.

मुळामुठा: आणि मागच्या काचेवर चिकटवू देऊ नका. पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आरपार गेलाच पाहिजे असा नियम आहे, सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली ती यावरूनच. अख्ख्या गाडीला रॅप करून रंगच बदलला तर आरसी बुकातही नोंद लागते.

जर्सीकर: इथं अमेरिकेत या नावाखाली फसवणूक जुनी आहे. ते ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतात, तुमचे ठेवून बाकीचे स्टिकर लावणाऱ्याला पाठवा म्हणतात. बँक एक-दोन दिवसांत पैसे खात्यात दाखवते, चेक खोटा असल्याचं नंतर कळतं आणि सगळी रक्कम तुमच्याकडून वसूल होते. तिकडे कुणी रजिस्ट्रेशन फी किंवा डिपॉझिट यूपीआयवर मागितलं तर तिथंच थांबा, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन करा.

रातराणी: मला पैशाचं काही वाटत नाही, ज्याची गाडी त्याची मर्जी. पण अ‍ॅपला तुमचं घर, ऑफिस, मुलांची शाळा, सगळ्यांच्या वेळा कळणार, आणि तो डेटा कुणाकडे जातो हे करारात लिहिलंय का? बायकांनी तर हे शंभरदा विचारून घ्यावं.

सिंहगडरोडकर: हे पटलं. पण गूगल मॅपला हे सगळं आधीच माहीत असतं ना, मग इथंच एवढी भीती का?

रातराणी: मॅप तुम्ही बंद करू शकता, इथं बंद केलंत तर पैसे थांबतात. आणि जाहिरात कशाची ते कोण ठरवणार? गुटखा कंपन्या इलायचीच्या नावानं जाहिराती करतात, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमची जाहिरात तर 2025 च्या कायद्यानं गुन्हाच आहे. माझ्या दारावर काय चिकटणार ते मीच ठरवणार, ही अट लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.