पन्नास कमांड पाठ करून टर्मिनल येत नाही

कळफलक: ‘नवशिक्यांनी आधी पन्नास कमांड पाठ कराव्यात, मगच टर्मिनल (कमांड टाइप करून संगणक चालवायची खिडकी) उघडावं’ हा सल्ला काल वाचला आणि राहवलं नाही. पाढे आहेत का ते? पहिल्या दिवशी पीडब्ल्यूडी (आपण कुठल्या फोल्डरात आहोत), एलएस (इथे काय काय आहे), सीडी (दुसऱ्या फोल्डरात जा) पुरे. आणि टॅब! दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबा. नाव पुरं झालं नाही तर पुन्हा दाबा: यादी आली तर त्या अक्षरांची नावं एकाहून जास्त आहेत, काहीच आलं नाही तर अक्षरं चुकलीत किंवा तुम्ही भलत्याच फोल्डरमध्ये आहात. पाठांतराच्या यादीत हे असतं कुठे?

टणत्कार: मग फायली पुसणारं आरएमही असंच टॅब दाबत शिकायचं? ते कचरापेटीत टाकत नाही, गेलं ते गेलं. ‘आरएम *.टीएक्सटी’ (स्टार म्हणजे कोणतीही अक्षरं) लिहिताना स्टारनंतर चुकून स्पेस पडली की फोल्डरातल्या सगळ्या फायली साफ. वर ‘.टीएक्सटी सापडली नाही’ अशी तक्रार! आरएमला जोडायचं -आय पाठ असतं तर त्याने पुसण्याआधी विचारलं असतं.

कळफलक: पाठ असलं तरी स्पेस पडतेच हो. आरएमच्या जागी आधी एलएस लिहा, यादी डोळ्यांनी बघा, मग वरचा बाण दाबून एलएसचं आरएम करा.

वेलांटी: स्पेसचं काय घेऊन बसलात! ‘दुसऱ्या सत्राचे गुण’ ही फाइल एलएसमध्ये दिसते, तेच नाव टाइप केलं की ‘अशी फाइल नाही’.

टणत्कार: अवतरणात घाला. एवढंही माहीत नाही?

वेलांटी: घालूनच सांगतेय. गोम ‘ऱ्या’त आहे. एका कीबोर्डवर ऱ आणि हलन्त पडतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि पुढे झेडडब्ल्यूजे, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. डोळ्यांना एकच, पण ईएक्सटी४ (लिनक्सची फायली ठेवायची व्यवस्था) नुसते बाइट ताडून बघतं, त्यामुळे नावं दोन. दोन्ही फायली शेजारी-शेजारी सुखाने नांदतात.

रात्रपाळी: लांबीचंही सांगा की. नावाला २५५ बाइट, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं दर चिन्ह ३ बाइट, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. मात्रा, हलन्त सगळे धरून. एकटा ‘स्त्री’ १८ बाइट खातो. नावं इंग्रजीतच ठेवा, कटकट मिटेल.

वेलांटी: मजकूर मराठी आणि नाव साहेबाचं? वा! त्यापेक्षा ‘दुस*’ लिहा, मधली भानगड स्टार गिळतो. तरी अडलं तर एलएस -आय ने आयनोड क्रमांक (फाइलचा आतला नंबर) काढा, तो फायली शोधणाऱ्या फाइंडच्या -आयनम ला द्या आणि -एक्झेक एमव्ही ने नाव बदला.

टणत्कार: फाइंड नवशिक्याच्या हातात? धन्य! तिथे -डिलीट आधी आणि -नेम (नावाची अट) नंतर लिहिलं तर नावाकडे न बघता सगळं जातं, ते डावीकडून वाचतं म्हणून.

कळफलक: म्हणूनच -डिलीटच्या जागी आधी नुसती यादी दाखवणारं -प्रिंट. पुन्हा तेच, आधी बघा.

टणत्कार: बरं बाबा, पन्नास नकोत. एकोणपन्नास करा.

रात्रपाळी: त्यात मॅन पानातून (कमांडची माहिती देणारं पान) बाहेर कसं पडायचं हे कितवं? क्यू दाबायचा असतो, निम्मे लोक खिडकीच बंद करतात.