केस क्लोज झाली, पण मूल बरंय का हे मोजायचं कसं?

गेवराईकर:
नमस्कार. बीड जिल्ह्यात एका संस्थेत केसवर्कर आहे. बऱ्याच केसेस ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या, शाळा सुटलेली, आजीकडे ठेवलेली मुलं, बालविवाह थांबवलेल्या मुली. रिपोर्टमध्ये जातं काय तर किती केसेस घेतल्या, किती होम व्हिजिट, बाल कल्याण समितीपुढे किती हजर केल्या, किती क्लोज. आता फंडर विचारतायत की मुलांना फरक पडला का ते दाखवा, आणि प्रश्न बरोबरच आहे. लग्न थांबलं की केस क्लोज, पण ती पोरगी शाळेत जातीये की घरात दिवसभर बोलणी खातीये हे कुठल्याच रकान्यात येत नाही. कोणी केलंय का असं काम? काय विचारायचं आणि कधी?

निशिगंध:
एसडीक्यू बघा, म्हणजे मुलाच्या जमेच्या बाजू आणि अडचणी विचारणारी प्रश्नावली. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी 1997 मध्ये मांडलेली, 25 विधानं, त्यात भावना, वागणूक, चंचलपणा, मित्रांशी पटणं आणि दुसऱ्यांना मदत करणं असे पाच भाग. पण ती सुरक्षितता मोजत नाही हां, म्हणजे मार खाणारं मूल गप्प राहून या प्रश्नावलीत चांगले मार्क मिळवू शकतं. म्हणून आपले चार साधे प्रश्न जोडाच, घरी कुणाची भीती वाटते का, अडचण आली तर कुणाला सांगशील, झोप लागते का, पोटभर मिळतं का. आणि जेजे, म्हणजे बालन्याय कायद्याच्या, नियमातला फॉर्म 7, वैयक्तिक काळजी आराखडा, त्यात मुलाच्या अपेक्षांचा रकाना आहेच, बरेच जण तो सगळ्यांना एकसारखा भरतात, तोच नीट भरला तर सुरुवातीची नोंद हातात येते.

तळटीप:
वेळ फार महत्त्वाची आहे. केस येते तेव्हा मूल सगळ्यात वाईट अवस्थेत असतं, तुम्ही काहीही केलं नाही तरी काही मुलं सहा महिन्यांत थोडी सावरतातच, ते श्रेय आपलं नव्हे. त्यात तुमच्याकडे हंगाम. पहिली नोंद डिसेंबरात आईबाप कारखान्यावर असताना आणि दुसरी मे महिन्यात ते परत आल्यावर घेतलीत तर आकडा सुधारणारच! त्यामुळे डिसेंबर ते डिसेंबर बघा. आणि एखाद्या गटात काम उशिरा सुरू होणारच असेल तर तिथल्या मुलांची नोंद आधीपासून घ्या, तुलनेला तीच. मुद्दाम कुणाला मदतीविना ठेवू नका.

गेवराईकर:
हंगामाचं डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू! पण विचारायचं कुणी? आम्ही विचारलं की मुलं "बरंय ताई" म्हणून मोकळी होतात.

माजी_समुपदेशक:
ज्या केसवर्करची केस तिने विचारू नये, दुसऱ्या तालुक्यातली ताई पाठवा, आणि आजी बाहेर असताना बोला. एक मात्र आधी ठरवून ठेवा, बोलता बोलता लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम 19 प्रमाणे कळवावंच लागतं, त्यामुळे "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला देऊ नका. आणि क्लोज झाल्यावरही एकदा नोंद घ्या, फंडरला नको असली तरी.

गेवराईकर:
मग आष्टी आणि गेवराईच्या ताया अदलाबदल करून बघते, येत्या हंगामापासून. क्लोज झालेल्या मुलींपर्यंत परत पोचायचं कसं, सासरी किंवा मामाकडे गेलेल्या, त्यावर कुणाचा अनुभव असेल तर लिहा प्लीज.