अनुभव धागा : नववीची पुस्तकं आली, आता गाडी अडते कुठे?

जूनमध्ये नववीची पुस्तकं घरात आली की पहिली नजर जाते ती गणिताकडे, कारण आता पुस्तकं दोन झालेली असतात. विज्ञानाचं अजून एकच आहे, पण १८ प्रकरणांचं. राज्य मंडळाच्या माध्यमिक टप्प्याचं हे पहिलं वर्ष, आणि दहावीच्या धसक्यापायी बऱ्याच घरांत ते नुसतं उरकलं जातं. २०१७ साली आलेल्या पुस्तकांवर वर्ग घेणाऱ्यांनी इथे लिहावं. मुलं नेमक्या कुठल्या पायरीवर घसरतात, का घसरतात, आणि काय केलं की सावरतात, एवढंच हवं. 'रोज अभ्यास करावा' हे सगळ्यांना माहीत आहे.

बीजगणित

बहुपदींतला संश्लेषक भागाकार. रीत सोपी म्हणून मुलं खूश असतात, आणि तिथेच फसतात. क्ष³ − ७क्ष + ६ ला (क्ष − २) ने भागायचं आहे. सहगुणक लिहायचे १, ०, −७, ६. तो शून्य क्ष² चा. क्ष² चं पद दिसत नाही म्हणून मुलं १, −७, ६ एवढेच लिहितात. मग भागाकार येतो क्ष − ५ आणि बाकी −४, आणि तो मांडलेला इतका नीटनेटका दिसतो की शंकाच येत नाही. शून्य लिहून करा : १ खाली, २ ने गुणून २, बेरीज २, पुन्हा गुणून ४, बेरीज −३, पुन्हा गुणून −६, बेरीज ०. भागाकार क्ष² + २क्ष − ३, बाकी शून्य. पडताळा दहा सेकंदांचा : मूळ बहुपदीत क्ष = २ ठेवा, ८ − १४ + ६ = ०. शेष सिद्धांत (भाजक शून्य करणारी किंमत ठेवली की थेट बाकी मिळते) याच प्रकरणात आहे, पण तो पडताळ्यासाठी वापरायचा असतो हे कुणी सांगत नाही.

दुसरं, करणी. √९ + √१६ म्हणजे √२५ नव्हे. ३ + ४ = ७ असं एकदा फळ्यावर दाखवलं की पुरतं, पण अक्षरं आली की चूक परत येते, तेव्हा पुन्हा दाखवावं लागतं.

अर्थनियोजनातल्या प्राप्तिकराच्या उदाहरणांत पालकांनी कृपया ढवळाढवळ करू नये. तक्त्यातले दर पुस्तकाच्या छपाईच्या काळचे आहेत. ते आजच्या दरांशी जुळत नाहीत आणि जुळायची गरजही नाही. प्रश्नात दिलेला तक्ता प्रमाण.

भूमिती, रचना

त्रिकोण रचनेचं प्रकरण गुण मिळवून देणारं आहे, पण 'का' समजलं तरच. पाया, पायाचा एक कोन आणि उरलेल्या दोन बाजूंची बेरीज दिलेली असते तो प्रकार घ्या. पाया बक = ६ सेमी, कोन ब = ६०°, अब + अक = १० सेमी.

बक काढा. ब पाशी ६०° चा किरण काढा. त्या किरणावर ब पासून १० सेमीवर ड घ्या. कड जोडा. आता कड चा लंबदुभाजक काढा. तो बड ला छेदेल तिथे अ. बहुतेक चुका याच पायरीवर होतात : दुभाजक बड चा काढला जातो, कारण १० सेमी ती रेघ डोळ्यांसमोर असते. दुभाजक कड चाच का, तर त्याच्यावरचा प्रत्येक बिंदू क आणि ड पासून सारख्या अंतरावर असतो, म्हणून अक = अड, आणि म्हणून अब + अक पुन्हा १० भरतात. एवढं वाक्य समजलं की पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

कड साधारण ८.७ सेमी येते, तेव्हा कंपासचं अंतर ४.४ सेमीच्या वर हवं. जेमतेम ४.५ सेमी घेतलं तर कंस एकमेकांना अगदी निमुळते छेदतात आणि बिंदू हलतो. ६ किंवा ६.५ घ्या. शेवटी पट्टीने मोजा : अब ४.६ च्या आसपास आणि अक ५.४ च्या आसपास यायला हवी.

परिमितीच्या प्रकारात पायाचे कोन ७०° आणि ६०° दिले असतील तर परिमितीएवढ्या रेषाखंडाच्या टोकांशी ३५° आणि ३०° चे कोन काढायचे, म्हणजे निम्मे. पूर्ण काढले तर दुभाजक त्या रेषाखंडाच्या बाहेर जातात आणि मूल कंपासला दोष देत बसतं.

भूमिती, सिद्धता (वरच्या प्रतिसादाला जोडून)

पक्ष (दिलेलं), साध्य (सिद्ध करायचं), रचना, सिद्धता हे चार मथळे लिहायचा कंटाळा करू नका. जे सिद्ध करायचं तेच सिद्धतेच्या दुसऱ्या ओळीत गृहीत धरणं, हा नववीचा सगळ्यात मोठा रोग आहे. त्यावर उपाय एकच : आकृतीत पक्षातल्या गोष्टींनाच खुणा करा, साध्यातल्यांना नाही. एकरूपतेच्या कसोट्या (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन) बाकोबा, कोबाको, बाबाबा, कोकोबा आणि कर्णभुजा. 'बाबाको' नावाची कसोटी नाही. कोन दोन बाजूंच्या मधला नसेल तर एकाच मापांचे दोन वेगळे त्रिकोण निघू शकतात.

विज्ञान, भौतिकीचा भाग

धाराविद्युतमध्ये समांतर जोडणी : ६ ओहम आणि ३ ओहम. १/६ + १/३ = १/२. इथे अर्धा वर्ग थांबतो आणि उत्तर '०.५ ओहम' लिहितो. उलटा करायचं राहतं, उत्तर २ ओहम. खूण लक्षात ठेवा : समांतर जोडणीचा रोध सगळ्यात लहान रोधापेक्षा कमीच असतो. पण ०.५ सुद्धा ३ पेक्षा कमीच, म्हणून ही खूण एकटी पुरत नाही. दोन रोध असतील तर गुणाकार भागिले बेरीज करून ताडा : १८ ÷ ९ = २.

प्रयोगात ॲमीटर एकसर, व्होल्टमीटर समांतर. ॲमीटर समांतर लावला तर त्याचा रोध जवळजवळ नगण्य असल्याने धारा एकदम वाढते आणि उपकरण जातं. जोडणी तपासल्याशिवाय कळ दाबू देऊ नये.

आरशाच्या सूत्रात चिन्हं. अंतर्वक्र आरसा, नाभीय अंतर −१० सेमी, वस्तू −१५ सेमीवर. १ भागिले प्रतिमेचं अंतर = −१/१० − (−१/१५) = −१/३०, म्हणून −३० सेमी. कंसातला वजा सांडला की −१/६ होतं आणि उत्तर −६. आकडे बाजूला ठेवून आकृती आठवा : वस्तू नाभी आणि वक्रताकेंद्र यांच्या मध्ये, म्हणजे १० ते २० च्या दरम्यान आहे, तर प्रतिमा वक्रताकेंद्राच्या पलीकडे हवी. ६ कसं चालेल?

विज्ञान, रसायन

रेणुसूत्रात संयुजांची तिरकस अदलाबदल सगळे करतात, कंस विसरतात. ॲल्युमिनिअमची संयुजा ३, सल्फेटची २. म्हणून ॲल्युमिनिअमला २ आणि अख्ख्या सल्फेट मूलकाला ३ : Al₂(SO₄)₃. कंस नसेल तर ऑक्सिजनच्या ४ ला तो ३ चिकटून ४३ दिसतात.

मोलची भीती घालवायला पाणी पुरतं. रेणुवस्तुमान १८, म्हणून १८ ग्रॅम म्हणजे १ मोल, ३६ ग्रॅम म्हणजे २ मोल, आणि १ मोलमध्ये ६.०२२ × १०²³ रेणू. भागाकार आधी, मोठा आकडा नंतर.

भूगोल

वितरणाच्या नकाशांत टिंब पद्धतीला आधी प्रमाण ठरवा (एक टिंब म्हणजे किती), आणि टिंबं जिल्हाभर रांगोळीसारखी सारखी पसरू नका. लोकसंख्येचा नकाशा असेल तर जलाशय आणि डोंगरमाथे मोकळेच राहतील. क्षेत्रघनीत (प्रत्येक प्रदेशाला आकड्यानुसार छटा देतात ती पद्धत) छटा फिकीकडून गडद अशीच चढवा.

आंतरराष्ट्रीय वाररेषेत 'पूर्वेकडे गेलं की वार वाढतो' असं पाठ केलेलं असतं, तेच उलटं पडतं. दिशा सोडा, खंड धरा : आशियाकडून अमेरिकेकडे जाताना एक वार मागे, अमेरिकेकडून आशियाकडे येताना एक पुढे. म्हणूनच टोकियोहून सोमवारी संध्याकाळी निघालेलं विमान लॉस एंजलिसला सोमवारी सकाळीच पोचू शकतं. सामोआने २०११ साली रेषेची बाजू बदलली तेव्हा तिथे २९ डिसेंबरनंतर थेट ३१ उजाडला. ३० डिसेंबर आलाच नाही. मुलांना हे उदाहरण विसरता येत नाही.

सागरजलाची सरासरी क्षारता ३५ दरहजारी आहे, ३५ टक्के नव्हे.

इतिहास-राज्यशास्त्र

इथे १९६० नंतरचा भारत आहे, त्यामुळे सनावळी जवळजवळची आणि गोंधळाची. १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण, १९८० ला आणखी ६. या जोड्या एकाच ओळीत लिहून ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत १५ सदस्य : ५ कायम, १० दोन वर्षांसाठी निवडलेले. बाकी या विषयाबद्दल मी फार घाबरवणार नाही.

मराठी, उपयोजित लेखन

बातमीत 'मी' आणि 'आम्ही' येत नाहीत, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमी 'सर्वांना खूप मजा आली' असं म्हणून संपत नाही. मथळा, स्थळ-दिनांक, पहिल्याच परिच्छेदात काय-कुठे-कधी-कुणाच्या हस्ते. बातमी आटोपलेल्या घटनेची असते, तेव्हा क्रियापदं भूतकाळी. औपचारिक पत्रात 'विषय' एका ओळीचा. मागणीपत्रात नग आणि संख्या लिहायची राहिली तर ते मागणीपत्रच होत नाही.

संस्कृत (आमोद, म्हणजे संपूर्ण संस्कृतचं पुस्तक, घेणाऱ्यांसाठी; आनन्दवाल्यांनाही, म्हणजे संयुक्तवाल्यांनाही, चालेल)

लङ् लकारात (भूतकाळात) आधी अ लावायचा हे सगळ्यांना येतं : गच्छति, अगच्छत्. उपसर्ग आला की घोळ. तो अ उपसर्गाच्या आधी नाही, धातूच्या लगेच आधी बसतो. प्रविशति चं 'अप्रविशत्' होत नाही; प्र + अविशत् = प्राविशत्. उपसर्गाचा असाच घोळ पूर्वकालवाचकात ('जाऊन', 'येऊन' अशा रूपांत) : उपसर्ग नसेल तर गत्वा, असेल तर आगत्य. 'आगत्वा' लिहिलेलं दर चाचणीत दोनचार वह्यांत सापडतंच, तेव्हा ही जोडी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी.