अनुभव धागा: जनावर अंगावर आलं, त्याच्या आधीचं एक मिनिट

संत्राबर्फी

माझ्या अंगावर रानडुक्कर आलं होतं. ही गोष्ट मी दहा वर्षांपासून सांगून राहिलो आणि दरवर्षी डुक्कर थोडं मोठं होत गेलं. परवा मुलीने विचारलं, "बाबा, पण त्याच्या आधी तुम्ही काय करत होते?" इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

तर सांगतो. काटोलकडे मामाच्या शेतात हरभऱ्याच्या जागलीला गेलो होतो. रात्री दीड-दोनला कळप शिरला. मामेभाऊ टिनाचा डबा बडवत वरून आला, मी टॉर्च घेऊन खालून पांदणीच्या तोंडाशी. एका बाजूला तारेचं कुंपण, दुसरीकडे नाला. म्हणजे कळपाला निघायला एकच वाट होती आणि त्या वाटेत मी उभा. पिल्लं मधे अडकली, मोठ्या डुकराने मान खाली घातली आणि सरळ माझ्या पायांतून निघून गेलं. लागल्याचं कळलंच नाही, चप्पल ओली कशाने झाली म्हणून टॉर्च मारला तेव्हा पोटरी उघडी दिसली. टाके पडले आणि रेबीजच्या लसीचे पाच डोसही घ्यावे लागले. डुकरासाठी पण ती लस घेतात हे मला त्या दिवशी समजलं.

तुमचेही अनुभव लिहा. अट एकच, आधीचं एक मिनिट लपवायचं नाही. पट्टेवाला वाघच पाहिजे असं नाही, छोटं जनावरही चालेल.

गच्चीवरची

छोटं म्हणता तर माझी घार. नागपूरच्या महाल भागात घर, मार्च महिना, आई गच्चीवर कुरडया घालत होती. शेजारच्या निंबावर घरटं आहे हे आम्हाला माहीत होतं, पण घारीला आमच्या कुरडया माहीत नव्हत्या ना! पहिला फटका माझ्या डोक्यावर मागून बसला, कोणीतरी ओली चादर झटकल्यासारखा आवाज आला फक्त. नंतर महिनाभर आईने डोक्यावर स्टीलचा गंज (म्हणजे पातेलं) उपडा घालून वाळवणं उरकली. गल्लीतली पोरं खाली उभी राहून पाहायची. मिनिटभर आधी काय करत होते? मोबाइल उंच धरून पिल्लांचा फोटो काढत होते.

रोडगेवाला

आमच्या घरी हा विषय निघाला की बायको अजूनही उठून आत जाते, कारण जागा मी निवडली होती.

रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या जाळात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा कार्यक्रम होता. शहराबाहेर एक देऊळ, मोठा पिंपळ, गार सावली, पंचवीस माणसं. मी म्हटलं, इथेच गोवऱ्या रचा. वर कोणी पाहिलं नाही. जाळ पडला, धूर सरळ वर गेला. फांदीखाली काळं पोतं टांगल्यासारखं काहीतरी होतं ते हललं. म्हणजे त्याच्यावरून लाटेसारखी चमक गेली. मला वाटलं ऊन पडलं असेल. ते आग्या मोहोळ होतं.

पहिली माशी मामाच्या कानाला चावली, मामाने ती चापट मारून चिरडली. तेवढ्यात मला पिकल्या केळ्यांचा वास आला. कोणी डझनभर केळी सोलली की काय असं वाटलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की माशीच्या डंखातून तसा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या येतात, म्हणून काटा लवकरात लवकर खरवडून काढायचा आणि तिथून निघायचं. आम्ही उलट एकमेकांच्या अंगावरच्या माश्या मारत तिथेच नाचत होतो. साळा तळ्यात उतरला, तर त्या पाण्यावर घिरट्या घालत थांबल्या. डोकं बाहेर काढलं की चावायच्या. गाडीत काचा लावून बसले तेच वाचले, तरी चार माश्या आत होत्याच. मामा रात्रभर सलाइनवर होते, सकाळी शुद्धीवर नीट आल्यावर पहिला प्रश्न, "वरणाचं काय झालं?"

संध्याकाळी भांडी आणायला गेलो तेव्हा रोडगे राखेत कोळसा झाले होते आणि पोळं जागच्या जागी, जसंच्या तसं.

देवलापारची नात

माझी आजी मोहाची फुलं वेचायला जायची तेव्हा सगळ्या वाटेने टोपलीवर काठी वाजवत, जोरजोरात बोलत जायची. कोणाशी, तर कोणाशीच नाही. शहरातून आलेल्या आम्हा पोरींना लाज वाटायची. ती म्हणे, "अस्वलाले कमी दिसते, कमी आयकू येते. त्याले सांगत जाय, आपण येऊन राहिलो म्हणून."

एका पहाटे भरघोस झाडाखाली पहिला नंबर लावायचा म्हणून मी चप्पल हातात घेऊन, आवाज न करता पुढे पळाले. हेच माझं ते मिनिट. झाडाखाली अस्वल तोंड खाली घालून फुलं ओढून घेत होतं, फुर्र फुर्र आवाज करत. मी पंधरा पावलांवर. ते दोन पायांवर उभं राहिलं, नाक वर करून वास घेतला. मागून आजी आली, "पयू नको," एवढंच म्हणाली. अस्वल आलं तसं तिने टोपली त्याच्या तोंडावर फेकली. त्याने टोपलीच्या चिंध्या केल्या, आम्ही मागे मागे सरकलो. तिकडे अस्वलाने चेहरा ओरबाडलेली माणसं पाहिलीत, म्हणून त्या टोपलीची आठवण अजून होते.

जंगलातला भाऊ

पेंचला गाइड आहे मी. एकदा वाघीण रस्त्याच्या एका बाजूला, बच्चे दुसऱ्या बाजूला, मधे सफारीच्या सहा जिप्स्या. त्यातली एक आमची. पाहुणे म्हणून राहिले, "भाऊ, थोडं पुढे घ्या ना." घेतली. तिने कान चपटे केले, दोन झेपा टाकल्या आणि बोनेटपासून हातभर अंतरावर थांबली. तो आवाज कानाने नाही, बरगड्यांनी ऐकू येतो. आमच्या भाषेत हा मॉक चार्ज, म्हणजे नुसता भीती दाखवायचा खोटा हल्ला, पण पुढच्या सीटवरल्या साहेबांना तो फरक समजावायला वेळ लागला.

आता गंमत पाहा. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या मनसर ते खवासा महामार्गावर जनावरांना खालून जायला ९ जागा केल्यात, सगळ्यात लांब ७५० मीटरची. वर रात्रभर ट्रक आणि खालून वाघ जाताना कॅमेऱ्यात आलेत. कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. आम्हाला सहा जिप्स्यांत तेवढी वाट सोडता आली नाही.

टिटवीग्रस्त

मैदानात क्रिकेट, चेंडू गवतात, टिटवीची अंडी. दोन ओव्हर हेल्मेट घालून फील्डिंग केली. बस, एवढंच.

भिवापूरकर

संत्राबर्फी भाऊ, धागा चांगला आहे, पण तुमची अट आम्हाला लागू होत नाही. तुम्ही वाट अडवली, कोणी फोटो काढला, कोणी धूर केला. माझं मिनिट ऐका.

रात्रीचे सव्वाबारा. मोटर सुरू करायला चाललो होतो. मिरचीला पाणी द्यायचं आणि विजेची लाइन रात्रीची. धुऱ्यावरून (बांधावरून) जाताना तुरीतून गुरगुर आली. टॉर्च नेला तर दोन डोळे, स्टार्टरच्या पेटीपासून वीस फुटांवर. पळालो नाही, पाय चालतच नव्हते. तोंड त्याच्याकडे ठेवून मागे मागे सरकत पंपाच्या खोलीत शिरलो, आतून कडी लावली. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन केला. पहाटेपर्यंत आत बसलो. सकाळी वनखात्याची माणसं आली, पाण्याच्या ओल्या दांडात वाघाच्या पंजाचे ठसे सापडले. खोलीच्या दाराशी येऊन परत फिरला होता.

मी काय वेगळं करायला पाहिजे होतं, सांगा.

संत्राबर्फी

काही नाही भाऊ. अट मागे घेतो. आता तरी दिवसाची लाइन मिळते का?

भिवापूरकर

या आठवड्यात रात्रीचीच आहे. निघतोच आहे, भाऊ सोबत येऊन राहिला, डबा वाजवायला.